बातमी कुणी दिली, किती वाजता दिली?

हिंगोली जिल्हा तसा वयाने लहान. परभणीतून तो वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. संत नामदेवांचे नर्सी आणि औंढा नागनाथचे देऊळ यांमुळे हा भाग महाराष्ट्राला ओळखीचा आहे. जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांच्या तोंडी मात्र त्याचे नाव येऊ लागले ते गेल्या दशकात. औंढ्याजवळ दुधाळा परिसरात गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभी राहायची आहे. एकमेकींना काटकोनात असलेल्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असे तिचे रूप. केंद्रीय मंत्रिमंडळाने १७ फेब्रुवारी २०१६ रोजी तिला तत्त्वतः मान्यता दिली आणि ६ एप्रिल २०२३ रोजी सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मंजुरी दिली.

लेसर, आरसे आणि निर्वात नळ्यांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यामुळे ते येथे पुन्हा सांगत नाही. आम्हाला बोलायचे आहे ते यंत्राच्या पुढच्या टप्प्याविषयी. असे यंत्र शेवटी देते ती एक बातमी: अमुक वेळी, आकाशाच्या अमुक भागातून काहीतरी आले. ही बातमी कुणाला सांगायची, किती मिनिटांत, कोणत्या शब्दांत, आणि ऐकणाऱ्याने उलट काय विचारायचे, हे ठरवायला माणसांची एक बिरादरी लागते. अशा बातमी देणाऱ्या-घेणाऱ्या आणि तिच्यावर वाद घालणाऱ्या बिरादऱ्या शास्त्रज्ञांमध्ये गेली चारशे वर्षे जमत आणि मोडत आल्या आहेत. सगळ्यांचा दर्जा सारखा नव्हता. तो कशावरून ठरवायचा, याचा शोध इतिहासातच घ्यावा लागतो.

सतराव्या शतकात पॅरिसमध्ये मारँ मर्सेन नावाचा एक धर्मोपदेशक राहत होता. त्याने स्वतः लावलेल्या शोधांपेक्षा त्याने लिहिलेली पत्रे अधिक महत्त्वाची ठरली. देकार्त, फर्मा, गॅसेंडी असे लोक त्याला पत्रे लिहीत आणि तो एकाचे म्हणणे दुसऱ्याला कळवी. १६४८ मध्ये तो वारला आणि जाळे विस्कटले, कारण सगळे धागे एकाच माणसाच्या हातात होते. लंडनच्या रॉयल सोसायटीचा चिटणीस हेन्री ओल्डनबर्ग याने पुढचे पाऊल टाकले. येणारी पत्रे त्याने मार्च १६६५ पासून छापायलाच सुरुवात केली. ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हे ते नियतकालिक. छापल्यामुळे पत्राला तारीख मिळाली, लिहिणाऱ्याचे नाव कायमचे चिकटले आणि चूक निघाली तर तीही छापील राहिली. परदेशी लोकांशी इतका पत्रव्यवहार करणारा माणूस सरकारला संशयास्पद वाटला आणि १६६७ मध्ये ओल्डनबर्गला काही आठवडे लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत काढावे लागले. बातमीदाराच्या धंद्यातली ही जोखीम तेव्हापासूनची आहे. (आपल्याकडे ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर गणिताचे अध्यापक होते आणि १८४० मध्ये त्यांनी ‘दिग्दर्शन’ हे ज्ञानविषयक मासिक काढले, हे शिक्षकांना आठवत असेलच. वृत्तपत्र आणि विज्ञान यांची फारकत मागाहून झाली.)

तारायंत्र आल्यावर वेग बदलला. धूमकेतू दिसल्याची बातमी आठवड्याऐवजी तासांत पोचू लागली आणि एक नवीच अडचण उभी राहिली. तार पाठवणाऱ्या कारकुनाला खगोलशास्त्र कळत नव्हते. एक अंक इकडचा तिकडे झाला की पलीकडची दुर्बीण भलत्याच ठिकाणी वळे. म्हणून खगोलशास्त्रज्ञांनी तारांसाठी सांकेतिक लिपी ठरवली आणि संदेशाच्या शेवटी आधीच्या आकड्यांची बेरीज पाठवण्याची रीत घातली. बेरीज जुळली नाही तर तार चुकली, एवढे ज्याला त्याला कळे. या तारांचे एक मध्यवर्ती कार्यालय १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत कील येथे सुरू झाले. पुढे ते कोपनहेगनला आणि १९६५ मध्ये अमेरिकेतील केंब्रिजला गेले. बातमीसोबत ती तपासण्याचे साधनही पाठवायचे, ही कल्पना आम्हाला तारेच्या वेगापेक्षा मोठी वाटते.

आता गुरुत्वीय लहरींकडे वळू. या विषयातली पहिली मोठी बातमी १९६९ मध्ये आली. मेरिलँड विद्यापीठाचे जोसेफ वेबर यांनी अ‍ॅल्युमिनियमचे मोठे दंडगोल टांगून त्यांची अतिसूक्ष्म कंपने मोजायला सुरुवात केली होती. एक दंडगोल मेरिलँडला आणि दुसरा सुमारे हजार किलोमीटरवर, शिकागोजवळच्या आर्गॉन प्रयोगशाळेत. दोन्ही एकाच वेळी थरथरले तर स्थानिक गडबड वगळता येईल, हा विचार अगदी योग्य होता आणि तो आजही वापरात आहे. असे एकसमयी ठोके आपल्याला सापडल्याचे वेबर यांनी जाहीर केले.

जगभरात खळबळ उडाली. ग्लासगो, म्युनिक, मॉस्को, न्यूयॉर्क, रॉचेस्टर अशा अनेक ठिकाणी लोकांनी तसेच दंडगोल टांगले. कुणालाच काही सापडले नाही. वेबर यांचे ठोके मात्र चालूच राहिले. मग एक गंमत घडली. रॉचेस्टरचे डेव्हिड डग्लस आणि वेबर यांनी आपापल्या नोंदींच्या चुंबकीय फितींची देवाणघेवाण केली आणि त्या दोन यंत्रांतही एकसमयी ठोके सापडल्याचे वेबर यांनी सांगितले. तपास केला तेव्हा दिसले, की एका फितीवरची वेळ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची होती आणि दुसरीवरची ग्रीनिचची. दोहोंत चार तासांचा फरक. म्हणजे ज्या ठोक्यांना ‘एकाच क्षणी’ म्हटले होते ते प्रत्यक्षात चार तासांच्या अंतराने पडले होते. आयबीएममधील रिचर्ड गार्विन यांनी हे आणि संगणकाच्या आज्ञावलीतली एक चूक १९७४ मध्ये परिषदेत आणि नंतर ‘फिजिक्स टुडे’ या मासिकात पत्र लिहून चव्हाट्यावर मांडली. वाद कडवट झाला. वेबर यांनी २००० साली मृत्यू येईपर्यंत आपला दावा मागे घेतला नाही.

ही गोष्ट वेबर यांची थट्टा करण्यासाठी सांगितली जाते, ते आम्हाला पटत नाही. हे क्षेत्र त्यांनी सुरू केले, आणि स्वतःच्या फिती दुसऱ्याच्या हाती दिल्या म्हणूनच चूक उघडी पडली. दोष बिरादरीच्या रचनेतही होता. कोणता ठोका ‘ठोका’ मानायचा आणि कोणता गोंगाट, हा उंबरठा आधी ठरवून जाहीर करण्याची सक्ती नव्हती. घड्याळ कोणते, हे लिहिण्याचा ठरावीक रकाना नव्हता. सहा प्रयोगशाळा ‘आम्हाला दिसले नाही’ म्हणत होत्या, पण ते किती संवेदनशील यंत्राने दिसले नाही हे एकाच मापाने मांडलेले नसल्याने वेबर प्रत्येकाला ‘तुमचे यंत्र माझ्याइतके चांगले नाही’ असे उत्तर देऊ शकत होते.

पुढच्या पिढीने हा धडा चांगलाच मनावर घेतला. तिने आपल्या बिरादरीचे नियमच वेगळे केले. सिद्धान्ताच्या अंगाने त्यात भारतीयांचा हात मोठा होता. पुण्याच्या आयुकातील संजीव धुरंधर आणि त्यांचे विद्यार्थी, बंगळूरचे बाला अय्यर यांनी अपेक्षित लहर नेमकी कशी दिसेल आणि गोंगाटातून ती कशी वेचायची याचे गणित १९९० च्या सुमारास मांडले. म्हणजे ‘ठोका’ कशाला म्हणायचे हे यंत्र बांधून होण्याच्या कितीतरी आधी कागदावर होते.

लायगोच्या शास्त्रज्ञांनी केलेली एक गोष्ट तर आम्हाला इतर कुठल्याही बातमीच्या बिरादरीत आढळलेली नाही. त्यांनी स्वतःलाच खोटी बातमी देण्याची व्यवस्था केली. मोजक्या दोन-चार जणांनी गुपचूप आरसे हलवून नकली लहर घालायची आणि उरलेल्या शेकडो जणांना ती केव्हा घातली, घातली की नाही, हे कळू द्यायचे नाही. १६ सप्टेंबर २०१० रोजी असा एक सुंदर संकेत दिसला. तो ज्या दिशेने आला असे वाटले त्या तारकासमूहावरून त्याचे नाव पडले ‘बिग डॉग’. सहा महिने लोकांनी छाननी केली, भांडले, प्रसिद्ध करायचा शोधनिबंधही लिहून पूर्ण केला. मार्च २०११ मध्ये कॅलिफोर्नियातील आर्केडिया येथे सर्वांसमक्ष पाकीट उघडले आणि लहर नकली असल्याचे निघाले. आता अशी कल्पना करा की एखाद्या वर्तमानपत्राचा संपादक आपल्याच कचेरीत वर्षातून एकदा खोटी तार सोडतो आणि ती कोण पकडतो ते पाहतो!

या सावधगिरीची दुसरी बाजू गुप्ततेची होती. खरी लहर पहिल्यांदा सापडली १४ सप्टेंबर २०१५ रोजी. जगाला सांगितली ११ फेब्रुवारी २०१६ रोजी. मधले पाच महिने हजारभर माणसांनी तोंड मिटून बसायचे होते. ते शक्य झाले नाही. दोन आठवडे व्हायच्या आत त्या गटाबाहेरच्या एका नामांकित भौतिकशास्त्रज्ञाने, लॉरेन्स क्राउस यांनी, कानावर आलेली वदंता ट्विटरवर टाकली. वदंता खरी निघाली, हे खरे. पण त्या क्षणी ती नकली लहर असती तरी क्राउस यांच्या वाक्यात एका अक्षराचाही फरक पडला नसता. खरी निघालेली वदंताही वदंताच असते, कारण तिच्यात वेळ नाही, चुकीची शक्यता नाही आणि पुढे तिची जबाबदारी घेणारे कुणी नाही.

लायगोने आपल्या बातम्या जगातल्या दुर्बिणींना द्यायला सुरुवात केली ती आधीपासून असलेल्या एका जाळ्यातून. अमेरिकेच्या नासा संस्थेत स्कॉट बार्थेल्मी यांनी १९९० च्या दशकात गॅमा किरणांच्या स्फोटांसाठी जीसीएन नावाचे संदेशजाळे उभारले. त्यात दोन तऱ्हेचे संदेश असतात. पहिले उपग्रहाने आपोआप पाठवलेले, काही सेकंदांत. दुसरे माणसांनी लिहिलेले परिपत्रक: आम्ही अमुक दुर्बिणीने, अमुक वेळी पाहिले, हे दिसले किंवा एवढ्या तेजापर्यंत काहीही दिसले नाही. परिपत्रक छापण्यापूर्वी कोणी परीक्षक ते तपासत नाही. प्रत्येकाला क्रमांक असतो, लिहिणाऱ्यांची नावे असतात आणि चूक निघाली तर सहसा नवे परिपत्रक काढून ती सांगितली जाते. दर्जासाठी परीक्षक हवाच, असे मानणाऱ्यांनी या जाळ्याचा अभ्यास करावा.

त्याची कसोटी पाहणारा एक प्रसंग महाराष्ट्राशी जोडलेला आहे. ४ जानेवारी २०१७ रोजी लायगोला दोन कृष्णविवरे एकत्र आल्याची लहर मिळाली. सुमारे एक दिवसाने हवाई बेटांवरच्या अ‍ॅटलस दुर्बिणीला त्याच विस्तृत पट्ट्यात झपाट्याने मंदावणारा एक प्रकाशबिंदू दिसला. कृष्णविवरांच्या मिलनातून प्रकाश? तसे असते तर तो मोठाच शोध ठरला असता. दोन्ही बातम्या खऱ्या होत्या. त्यांना जोडणारा धागा तेवढा अंदाजाचा होता. भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावरील सीझेडटीआय या उपकरणाची नोंद वरुण भालेराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासली. लहरीच्या क्षणी त्यात काहीच नव्हते. पण सुमारे एकवीस तासांनंतर गॅमा किरणांचा एक स्फोट सापडला आणि प्रकाशबिंदूचे वयही त्याच्याशीच जुळत होते. तो बिंदू या दुसऱ्याच, फार दूरच्या स्फोटाचा मागे उरलेला उजेड होता. वेबर यांच्या काळी चार तासांची चूक सापडायला वर्षे गेली आणि वैर झाले. येथे निकाल थोड्या महिन्यांत लागला आणि कुणाची अब्रू गेली नाही.

त्याच वर्षी १७ ऑगस्टला, आपल्या घड्याळात संध्याकाळी ६ वाजून ११ मिनिटांनी, दोन न्यूट्रॉन तारे एकत्र आल्याची लहर पोचली. १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहाला गॅमा किरणांचा छोटा स्फोट दिसला आणि त्याचा यांत्रिक संदेश लगेच सुटला. लायगोचे परिपत्रक चाळीस मिनिटांनी निघाले. नकाशा यायला रात्रीचे सव्वाअकरा वाजून गेले, कारण लिव्हिंग्स्टनच्या यंत्रात नेमक्या त्या वेळी गोंगाटाची एक उसळी आली होती आणि ती आधी दूर करावी लागली. इटलीतील व्हर्गो यंत्र जेमतेम सोळा दिवसांपूर्वी या मोहिमेत सामील झाले होते. त्याला संकेत जवळजवळ जाणवलाच नाही. आता यंत्र चालू आहे आणि तरी जाणवले नाही, याचा अर्थ स्रोत व्हर्गोच्या ‘आंधळ्या’ दिशेला असणार. त्यामुळे शोधायचा भाग सुमारे ३० चौरस अंशांवर आला. २०१५ च्या लहरीला तो ६०० च्या आसपास होता. अ‍ॅस्ट्रोसॅटलाही स्फोट दिसला नाही, कारण मध्ये पृथ्वी आली होती. तीही माहितीच. आपल्याकडे पहाटेचे पाच वाजत होते तेव्हा चिलीतील एक मीटर व्यासाच्या स्वोप दुर्बिणीने एनजीसी ४९९३ या तेरा कोटी प्रकाशवर्षे दूरच्या दीर्घिकेत नवा तारा टिपला. खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीने, म्हणजे जीएमआरटीने, पुढे अनेक महिने तिकडे लक्ष ठेवले.

या सगळ्या देवघेवीत आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते ते ‘न दिसल्याचे’ पत्र. ते लिहायला माणसे तयार असतात, कारण ते मोजले जाते. ज्या बिरादरीत ‘मला काही दिसले नाही’ असे सांगणाऱ्याला जागा नसते, तेथे दिसल्याच्या बातम्या फुगतच जातात.

१ एप्रिल २०१९ पासून लायगोने आपले इशारे सर्वांसाठी खुले केले. त्या फेरीत ८० इशारे दिले गेले आणि त्यांपैकी २४ मागे घेतले गेले. तिसरा हिस्सा चूक! वर्तमानपत्राने असे केले तर ते बंद पडेल. येथे कुणी बिथरले नाही, कारण इशाऱ्यावर तो खोटा असण्याची शक्यता आकड्यात लिहिलेली होती आणि माघारीची सूचनाही त्याच वाटेने, त्याच लोकांकडे जात होती.

आता पुन्हा हिंगोलीला येऊ, पण आकाश सोडून जमिनीकडे. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यात ४.५ प्रतीचा भूकंप झाला आणि अकरा मिनिटांनी ३.६ प्रतीचा. १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा ४.५. नांदेड, परभणीपर्यंत लोक घराबाहेर आले. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून आवाज येत असल्याच्या बातम्या त्याआधी काही वर्षे छापून येत होत्या. त्या बहुतेक वेळा ‘गूढ आवाज’ या मथळ्याखाली येत. उथळ, लहान भूकंपाच्या लहरी पृष्ठभागाशी पोचल्या की त्यांचा काही भाग हवेत ध्वनी होऊन बाहेर पडतो, ही जुनी माहिती आहे. मथळ्यात ‘गूढ’ ऐवजी वेळ घातली असती तर ती बातमी भूकंपशास्त्रज्ञाच्या उपयोगी पडली असती.

मराठवाड्यात या बातम्या हलक्या मनाने कुणी ऐकत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसे गेली. त्याच्या आदल्या वर्षी त्या परिसराला लहान लहान धक्के बसत होते आणि ते लोकांना जाणवतही होते. त्यामुळे आज धक्का बसला की ‘रात्री अमुक वाजता मोठा येणार’ असा संदेश ज्याच्या त्याच्या फोनवर फिरतो, तेव्हा त्यावर विश्वास ठेवणाऱ्याला आम्ही हसणार नाही. भूकंपाचा तास आधी सांगण्याची पद्धत अजून कुणाजवळही नाही, हे त्याला सांगावे लागते आणि त्याच्या हातात दुसरे काही द्यावेही लागते.

ते दुसरे काही शंभराहून अधिक वर्षे जुने आहे. १२ जून १८९७ च्या आसामच्या महाभूकंपानंतर भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे रिचर्ड ओल्डहॅम यांनी ठिकठिकाणच्या लोकांकडून माहिती मागवून १८९९ मध्ये मोठा अहवाल काढला. घंटा वाजली का, भिंतीला तडा गेला का, असे साधे प्रश्न विचारून तीव्रतेचे नकाशे काढता येतात. आज दिल्लीचे राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र आणि अमेरिकेचे भूसर्वेक्षण खाते सामान्य लोकांकडून असेच अनुभव गोळा करतात. त्यांची नेहमीची अडचण एकच: ज्यांना जाणवला ते लिहितात, ज्यांना जाणवला नाही ते लिहीत नाहीत. त्यामुळे नकाशाची कड धूसर राहते.

हे काम शाळेला करता येते. वर्गात एक वही ठेवावी. रकाने पाच: तारीख व वेळ, घड्याळ कशाशी लावले, मी कुठे होतो (जमिनीवर, माळवदावर, वरच्या मजल्यावर, चालत), काय जाणवले वा ऐकू आले, आणि नाव. ज्या दिवशी धक्का बसेल त्या दिवशी वर्गातल्या प्रत्येकाने, झोपेत असलेल्यानेही, आपापली ओळ भरायची. मित्राशी बोलण्यापूर्वी भरायची. दुरुस्ती करायची तर जुनी ओळ खोडायची नाही, खाली नवी लिहायची. सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमत आणि हिंगोली या पाच तालुक्यांतील दहा-दहा शाळांनी जरी अशा वह्या ठेवल्या तरी पुढच्या धक्क्याला धक्का कुठवर पोचला नाही त्याची रेघ काढता येईल. दुधाळ्याची वेधशाळा सुरू होईल तेव्हा तिच्या आरशांनाही हे धक्के जाणवतील आणि तिची भूकंपमापके त्यांची नोंद ठेवतील. तोवर वह्यांत दोन-चार भूकंप जमा झालेले असतील, तर ताडून पाहायला सोयीचे होईल.